नापास दातांचा डबा

तीर्थस्वरूप आत्यास,

आधी नमस्कार, तो पुरता वाकून केलेला समजावा. इकडे सगळं ठीक. काकांची कंबर ठीक, काकूचा खोकला ठीक (म्हणजे खोकला ठणठणीत आहे, काकूच जरा उतरली आहे), मी ठीक. तुझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, तेवढं कळव, कारण काका म्हणतात उतरताना कुरकुरत असेल तर मलम लावायचं आणि चढताना कुरकुरत असेल तर तळमजल्यावर राहायला जायचं. हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मागच्या वेळी तू बराच वेळ हॅलो हॅलो केलंस आणि लाईन खराब आहे म्हणून ठेवून दिलास. लाईन चांगली होती. मी मान हलवत होते.

तर पत्र लांबणार आहे, चष्मा लावून बस. शाळा सुटल्यापासून (संध्याकाळी सुटते तशी नाही, कायमची) मी काकांच्या हाताखाली दात करते. माझी शाळा का सुटली याच्या घरात जेवढी तोंडं तेवढ्या गोष्टी आहेत, पण खरं कारण साधं आहे. हजेरी घेताना माझा ‘हजर’ माझ्या बाकाच्या कडेपर्यंत जायचा, सरांच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. नववीचं अख्खं वर्ष मी रोज वर्गात बसून गैरहजर होते. शेवटी हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेला बसू देईनात, आणि तसं नाहीये हे सांगायला कुणीतरी बोलायला हवं होतं. दातांचं काम मात्र मला मानवलं. डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवतात, आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून जबडा करतो, जबड्यावर मोडक्या दाताची कॅप करतो, आणि कॅप डॉक्टरांकडे जाते. माणूस आमच्याकडे यायचं काही कारण नसतं, त्याचा जबडा येतो, तोही गप्प. फक्त पुढचा दात असेल तर रंगाची शेड बघायला माणूस स्वतः येतो, तेव्हा मी आतल्या खोलीत प्लॅस्टर कालवते. ते नेहमी जास्तच कालवलं जातं. काका मला ‘बडबडे’ म्हणतात. एका दिवसात माझी दोन वाक्यं झाली होती, तेव्हा पडलेलं नाव आहे.

डॉक्टरांच्या पट्टीवर शेडला नंबर असतात, पण तुझा भाऊ नंबर मानत नाही. त्यांच्या शेड म्हणजे लोणी, साय, मेणबत्ती, जुना पेपर आणि चहाबाज. कप्प्यांचं कपाट तसंच लावलंय, वरून खाली शेड काळवंडत जाते आणि डावीकडून उजवीकडे आधी पटाशीचे, मग सुळे, मग दाढा. आणि त्यांची एक परीक्षा आहे, ती आणखी कुठल्या दातवाल्याकडे असेल असं मला वाटत नाही. कॅप तयार झाली की ते ती डब्याच्या झाकणात, दहाबारा जुन्या कॅपांच्या घोळक्यात, मेणावर उभी करतात आणि मला म्हणतात, शोध. मी लगेच बोट ठेवलं तर कॅप नापास. खोटा दात चांगला कधी, तर तो कुणाच्या नजरेत भरत नाही तेव्हा, असं काकांचं म्हणणं (माणसांबद्दल माझंही तेच म्हणणं होतं). नापास कॅप डब्यात जाते. डब्यात बरीच मंडळी जमली आहेत, कुणाची शेड चुकली, कुणाला तडा गेला, कुणाचा मालकच फिरकला नाही. यातली एकही कधी कुणाच्या तोंडात गेलेली नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे एका मुलानं एक चाखून बघितली.

आता खिडकीवाल्या ताई. या बस आगारात तिकिटाच्या खिडकीत बसतात. गाडीच्या पायरीवरून पडून त्यांचा वरचा डावा पटाशीचा दात तिरपा तुटला, खुंट तेवढा राहिला. तेव्हापासून त्या तोंडावर हात ठेवून बोलतात. मी पण तशीच बोलते, माझे सगळे दात जागेवर असून. त्या शेड बघायला आल्या तेव्हा नेमकं प्लॅस्टर संपलं होतं, त्यामुळे मी बाहेरच सापडले, आणि आम्ही दोघी समोरासमोर तोंडावर हात धरून बसलो, तेव्हा काका म्हणाले, अहो एकीनं तरी हात काढा, मला दात बघायचाय. ताईंचं काम घाईचं होतं. आगारात गाड्यांची घोषणा करायची जागा निघाली होती, ती त्यांना फार दिवसांपासून हवी होती, आणि त्यासाठी आवाजाची परीक्षा होती. पण दात नसल्यामुळे ‘स’ आला की शिट्टी वाजायची. सराव म्हणून त्यांनी एकदा ‘सातची बस सुटण्यास सज्ज आहे’ असं म्हटलं आणि शेजारची बस खरंच सुटली. कंडक्टर खालीच राहिला.

त्यांची पहिली कॅप नापास झाली. मी तिच्यावर लगेच बोट ठेवलं, आणि काका म्हणाले, लोणी झाली, साय पाहिजे होती, जमीनअस्मानाचा फरक आहे, आंधळ्यालाही दिसेल. ती डब्यात गेली. दुसरी मात्र पास झाली. इतकी पास झाली की मला सापडेचना. काकांनी शाबासकी दिली (स्वतःला) आणि हात धुवायला गेले. झाकणातून ती कॅप उचलून ताईंच्या डबीत ठेवायचं काम माझं. तिची खूण एकच, आतला खळगा तिरपा, कारण खुंट तिरपा. उलटून बघितल्याशिवाय कळत नाही. मी एकेक उलटायला घेणार तेवढ्यात विज्ञानाच्या बाई आल्या.

या बाई जवळच्या शाळेत शिकवतात. स्वतःच्या दाताची शेड बघायला आल्या होत्या (जुना पेपर), पण कपाट बघून थबकल्या. म्हणाल्या, हे तर मूलद्रव्यांच्या तक्त्यासारखं आहे, आडव्या रांगेत एकेक पायरीनं बदल, आणि उभ्या रांगेत सगळे एका स्वभावाचे. दरवर्षी त्या मुलांना पुठ्ठ्याचे तुकडे देऊन असा तक्ता स्वतः लावायला सांगतात, पण आता उत्तर थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे आलंय, पोरं तुकडे हातात घ्यायच्या आधीच लावून मोकळी होतात. दातांचं उत्तर कुणाच्या ताईदादाला माहीत नसणार. आत्या, त्या कपाटाला काकू आजवर चपलांचं कपाट म्हणत आली, आणि एक शिकलेली बाई त्याला तक्ता म्हणाली. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी झाकणातल्या सगळ्या कॅपा धाडकन डब्यात ओतल्या (त्यांना वाटलं मी माझं काम केलंय), डबा बंद केला आणि म्हणाले, आजच न्या, ही बडबडी येईल सोबत, एकही दात गिळला जाता कामा नये. मी सांगायला तोंड उघडलं. बाईंना वाटलं जांभई आली.

पाचला ताई डॉक्टरांकडे दात बसवायला जाणार होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परीक्षा. शिवाय डॉक्टरांनी काकांना बजावून ठेवलं होतं की आणखी एक काम हरवलं तर पुढची सगळी कामं दुसरीकडे जातील. तरी मी ठरवलं, वर्गात डबा उघडला की गुपचूप शोधून काढू, बोलायची वेळच येणार नाही. माझे सगळे बेत असेच असतात.

पण बाईंचा कामाचा झपाटा दांडगा. मी दारातून आत पाय टाकेपर्यंत (वर्गाच्या दारातून आत जायला मला वेळ लागतो) त्यांनी सहा टेबलांवर दातांचे सहा ढीग केले होते, आणि प्रत्येक ढिगातून एकेक दात मुलांची पाठ असताना काढून काडेपेट्यांत घालून, चिकटपट्टी लावून, पेट्या आपल्या टेबलावर मांडल्या होत्या. मुलांनी दात लावायचे, लावायचा नियम स्वतः शोधायचा, जागा कुठे रिकामी राहते ते बघायचं आणि तिथला दात कसा असेल ते न बघता सांगायचं. तक्ता करणाऱ्यानं असंच केलं होतं म्हणे, जागा मोकळ्या सोडल्या आणि तिथं कोण येणार त्याचं वर्णन आधीच लिहून ठेवलं, आणि पुढं तसे ते सापडले. हे मला आवडलं. न आलेल्या माणसाची जागा राखून ठेवणं म्हणजे आमच्या सरांच्या अगदी उलट.

मी टेबलाटेबलावरून फिरत कॅपा उलटून बघायला लागले. मुलांना वाटलं मी बाईंनी आणलेली कुणीतरी जाणकार आहे. मी उलटी केलेली कॅप म्हणजे काहीतरी खूण, असं धरून एका गटानं आपला लावलेला तक्ता मोडून सगळे दात पालथे घातले आणि खळग्यांच्या आकारावरून नव्यानं लावायला घेतले. दुसऱ्या एका गटानं दात अर्धगोलात मांडले होते. बाईंनी विचारलं, नियम काय, तर म्हणाले, हसतोय. बाई म्हणाल्या, छान, मग यांच्यातला न दिसणारा दात कोणता ते या हसण्यावरून सांगा. त्यावर त्यांनी अर्धगोल मोडला. तिसऱ्या गटात चाखणारा होता. त्यानं जाहीर केलं की दाताला चव नाही, आणि बाईंनी त्याला ते फळ्यावर लिहायला लावलं, कारण नाही हेसुद्धा कळणंच आहे, पण परत काही तोंडात घालायचं नाही. मी सहाही टेबलं संपवली. तिरप्या खळग्याची कॅप कुठंच नव्हती. म्हणजे ती पेटीत होती.

तेवढ्यात माझा फोन थरथरला, काकांचा होता, तो घेऊन मी व्हरांड्यात गेले. आमची फोनची पद्धत तुला माहीत नसेल, मी नखानं फोनवर टकटक करते, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काकांनी विचारलं, ताईंची डबी रिकामी कशी, कॅप तुझ्याकडे आहे का. याला हो पण म्हणता येईना आणि नाही पण. मी तीन टकटक केल्या. तीनचं आमचं काही ठरलेलं नव्हतं. काका म्हणाले, डब्यात? मी एक टकटक केली. ते म्हणाले, पाचच्या आत. आणि ठेवला. काका ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

वर्गात आल्यावर बघते तर वाद पेटलेला. सगळ्या गटांची वर्णनं लिहून झाली होती आणि बाईंनी सांगितलं होतं की पेट्या उघडायच्या नाहीत. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. मुलं हटूनच बसली. मग आम्ही बरोबर की चूक ते कसं कळणार? बाई म्हणाल्या, निसर्ग कुणाला शेवटच्या पानावर उत्तरं छापून देत नाही. पेटी हलवा, वास घ्या, तोला, दुसऱ्या गटाशी भांडा, आणि जे म्हणाल ते कशावरून म्हणता ते सांगा, विज्ञान म्हणजे एवढंच. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला की बाईंनी एखाद्या पेटीत दात घातलाच नसेल, नुसता खडू असेल. बाई इतक्या खूश झाल्या की त्याला शिक्षा झाली असावी असं त्याचं तोंड झालं. आणि मी दारात उभी. सगळ्या जगात एकच बाई पेटी न उघडण्यावर ठाम, आणि तिच्याकडेच माझी पेटी.

आत्या, खिडकीजवळच्या गटानं आपल्या रिकाम्या जागेबद्दल लिहिलं होतं: वरचा, डावा, पटाशीचा, दुधापेक्षा किंचित पिवळट. दाराजवळच्या गटानं लिहिलं होतं: वरचा, डावा, पटाशीचा, दुधाएवढा. बाकीच्यांच्या सगळ्या दाढा आणि सुळे. माझी दातखीळ बसली होती, आणि दातांच्या धंद्यातल्या माणसाला ती कशी बसते ते आतून माहीत असतं. मग मला ताई दिसल्या, म्हणजे डोळ्यांसमोर, उद्या माईकपुढे एक हात तोंडावर ठेवून. माईक धरायला एक हात लागतो आणि गाड्यांच्या वेळांचा कागद धरायला दुसरा.

मी म्हटलं, “बाई, खिडकीजवळच्यांची पेटी उघडायला पाहिजे.”

सगळा वर्ग वळला. एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “अगं, ही बोलते.”

बाई म्हणाल्या, “कशावरून?”

त्यांनी का असं विचारलं नाही. का विचारलं असतं तर मी रडले असते. कशावरून विचारलं म्हणून सांगत गेले. पडलेल्या ताई, तिरपा खुंट, काकांची परीक्षा, पास होऊन हरवलेली कॅप, टेबलावरच्या एकाही कॅपचा खळगा तिरपा नाही, पटाशीच्या दोनच पेट्या, ताईंची शेड साय, आणि साय दुधापेक्षा किंचित पिवळट असते. शेवटचं वाक्य मोठ्यानं झालं, कारण तोवर मी तोंडावरचा हात पेटी दाखवायला काढला होता. दाराजवळचा गट म्हणाला, साय दुधाएवढीच असते, आमच्या घरी असते. खिडकीवाले म्हणाले, तुमच्या घरी दुधातच काहीतरी आहे. बाईंनी दोघांना गप्प केलं आणि निकाल दिला, एकच पेटी उघडायची, पुरावा मांडलाय म्हणून. चूक निघाली तर चूक, दुसरी मिळणार नाही. मी खिडकीजवळच्यांची उघडली. कॅप उलटी केली. खळगा तिरपा. वर्गानं बाकं वाजवली, आणि मी आभार मानायचे सोडून पळत सुटले.

काकांनी कॅप प्लॅस्टरच्या जबड्यावर बसवून बघितली, खटकन बसली. मला एक शब्द बोलले नाहीत, मी पण नाही, आमचं त्या बाबतीत जमतं. ताईंना दात बसला आणि आवाजाची परीक्षा पण झाली. आता रोज आमच्या खिडकीतून त्यांच्या घोषणा ऐकू येतात. सातची बस सुटण्यास सज्ज आहे. एकही शिट्टी नाही. गाडी पण तेव्हाच सुटते जेव्हा सुटायची असते.

इथं पत्र संपलं असतं. पण परवा बाई स्वतःची कॅप बघायला आल्या आणि येताना डबा घेऊन आल्या, सोबत उरलेल्या पाच पेट्या, तशाच बंद, वर मुलांची वर्णनं चिकटवलेली. म्हणाल्या, या न उघडता जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलांना पण लागतील. काका म्हणाले, अहो, उघडून बघायला काय जातं, आणि मेण कापायच्या सुरीनं पाच फटक्यांत पाचही पेट्या उघडून दात डब्यात ओतले. रिकाम्या काडेपेट्या कामाला येतात म्हणून वेगळ्या ठेवल्या. बाईंनी डोळे मिटून घेतले. काकांना वाटलं दाढ दुखतेय.

मी डबा आवरायला घेतला, आणि त्यात वरचा डावा पटाशीचा, तिरप्या खळग्याचा, आणखी एक. पहिली कॅप, लोणी म्हणून नापास झालेली, ती मी साफ विसरले होते. तीही त्याच खुंटाची, तीही खटकन बसते. म्हणजे दोन पेट्यांत दोघी होत्या, आणि त्यातली एक ताईंच्या तोंडात आहे. आता डब्यात राहिलेली लोणी की साय? सकाळी खिडकीत धरली तर साय दिसते, ट्यूबलाईटखाली लोणी दिसते, आणि काकूला दाखवली तर ती म्हणाली, दातासारखी दिसते. काकांना विचारावं तर सगळंच सांगावं लागेल. शिवाय काकांचंच म्हणणं आहे की शेड कळते ती शेजारच्या दाताला लागून, भर उन्हात, तोंडात. म्हणजे सगळं फिरून बंद पेटीपाशी आलं, आणि ही पेटी उघडायची तर कुणीतरी ताईंना हसवायला पाहिजे.

बाकी सगळं क्षेमच आहे. काकूचा खोकला तुझी आठवण काढतो. गुडघ्याचं कळव.

तुझी,
बडबडी

ता. क. पुढच्या आठवड्यात तू येणार आहेसच. बसमधून उतरलीस की घर गाठायच्या आधी आगारातल्या घोषणेच्या खोलीपाशी जा आणि ताईंना बाहेर उन्हात बोलावून हसव. तू मयताला आलेल्या माणसांना हसवतेस, तुला हे अवघड नाही. सोबत कापसात गुंडाळून दुसरी कॅप पाठवली आहे, ती हळूच शेजारी धरून बघ. पाकीट चहाच्या कपावर उघडू नकोस.

ता. क. २. ताईंच्या तोंडातली लोणी निघाली तर काकांना तू सांगायचं. ते सगळ्या जगात फक्त तुला घाबरतात. साय निघाली तर कुणी कुणाला काही सांगायचं नाही. आणि बाईंनी नव्या पेट्या भरायला मला दर गुरुवारी वर्गात बोलावलंय, हेही काकांना तूच सांग. ते नाही म्हणाले तर कशावरून ते विचार.

ता. क. ३. पाकीट परत उघडून लिहिते आहे. टपालपेटी आगारातच आहे. टाकायला गेले तर ताई चहा घेऊन बाहेर उन्हात उभ्या. म्हणाल्या, काय गं, कुठं निघालीस? मी म्हटलं, कुठं नाही, शिट्टी ऐकू येईना म्हणून बघायला आले. (हे मी बोलले. शेजारच्या हमालानं वळून बघितलं.) ताई हसायला लागल्या, त्यांच्या एका हातात कप आणि एका हातात बशी. मग मी पण हसले, माझ्या एका हातात पाकीट आणि एका हातात छत्री. दोघींना हात मोकळा नव्हता. बराच वेळ हसलो. निम्म्या रस्त्यात आल्यावर लक्षात आलं की दाताकडे बघायचं राहिलं, आणि पत्र टाकायचं पण. तेव्हा वरची विनंती कायम समजावी.